गरब्यात रमणारी मुले नृत्याच्या तासाला मागे का सरकतात?

बडोद्यात आश्विन महिना लागला की सकाळच्या पहिल्या तासाला बसलेल्या मुलामुलींच्या डोळ्यांवर झोप स्पष्ट दिसते. आदल्या रात्री ही मुले तीन-तीन तास अनवाणी गोलात फिरलेली असतात, तळव्यांना फोड आलेले असतात, आवाज बसलेला असतो आणि तरीही मधल्या सुट्टीत चर्चा चालते ती आज रात्री कोणत्या मैदानावर जायचे याचीच. पुढे जानेवारीत शारीरिक शिक्षणातला लयबद्ध हालचालींचा घटक सुरू होतो. त्यात लेझीम असते, घुंगुरकाठी असते, संगीताच्या तालावरची कवायत असते, एखादे लोकनृत्य असते. त्या तासाला मात्र हीच मुले हळूहळू मागच्या ओळीत सरकतात. कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाचा गुडघा दुखू लागतो, कुणी हजेरी लागताच पाणी प्यायला जाते ते तास संपेपर्यंत परतत नाही.

मी या शहरात अनेक वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षण शिकवते आहे आणि हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेलेला नाही. शिक्षकांच्या खोलीत त्याचे उत्तर ठरलेले असते: आजकालच्या मुलांना याची आवडच नाही. नवरात्राच्या नऊ रात्री हे उत्तर दरवर्षी खोटे पाडतात. आवड आहे, पण ती तासापर्यंत पोहोचत नाही. ती वाटेत कुठे अडते हे समजून घ्यायचे असेल तर मानसशास्त्रातल्या अभिवृत्ती आणि प्रेरणा या दोन कल्पना नीट उलगडून पाहाव्या लागतात. बोलताना आपण दोन्हींना ‘आवड’ म्हणून मोकळे होतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीविषयी मनाचा बसलेला कल. त्याला तीन पदर असतात. पहिला पदर विचारांचा, म्हणजे त्या गोष्टीविषयी आपल्याला काय वाटते, ती उपयोगी की निरुपयोगी. दुसरा भावनांचा, म्हणजे ती गोष्ट समोर आली की मनात आनंद, कंटाळा, संकोच किंवा भीती यांपैकी काय उठते. तिसरा पदर वागण्याकडच्या ओढीचा, म्हणजे संधी मिळाली तर आपण पुढे होऊ की अंग काढून घेऊ. हे तीन पदर एकाच दिशेचे असतील असे मुळीच नाही. विज्ञान शाखेतला एखादा मुलगा मनापासून सांगतो की नृत्य हा उत्तम व्यायाम आहे, त्याने श्वास सुधारतो, शरीर लवचीक होते. मात्र संगीत सुरू झाले की त्याच्या पोटात गोळा येतो आणि तो दाराकडे पाहू लागतो. त्याचा विचार अनुकूल आहे, भावना प्रतिकूल आहे, आणि पाय बहुतेक वेळा भावनेचेच ऐकतात.

अभिवृत्ती मोजण्याची सर्वांत रुळलेली पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. एक विधान द्यायचे, उदाहरणार्थ ‘तालावर हालचाल करताना मला मोकळे वाटते’, आणि त्यापुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय ठेवायचे. अशी वीस-पंचवीस विधाने असतात. त्यांतली काही मुद्दाम उलट्या अर्थाची असतात, म्हणजे न वाचता एकाच रकान्यात खुणा करणारा लक्षात येतो. मग गुणांची बेरीज केली जाते. पद्धत सोपी आणि उपयोगी आहे, पण ती वापरताना एक काळजी घ्यावी लागते आणि ती अनेकदा घेतली जात नाही. ज्या शिक्षकाच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्यानेच वर्गात उभे राहून नावासकट प्रश्नावली भरून घेतली, तर मुले शिक्षकाला काय आवडेल ते लिहितात, आणि ‘विद्यार्थ्यांचा कल अत्यंत अनुकूल आढळला’ असा निष्कर्ष तयार होतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आइसेक एझेन आणि मार्टिन फिशबाइन यांनी १९७७ साली त्या वेळपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेऊन असे दाखवले की एखाद्या व्यापक गोष्टीविषयीची अभिवृत्ती विशिष्ट प्रसंगातल्या वागण्याचा फारसा अंदाज देत नाही. प्रश्न आणि वागणूक यांची पातळी जुळली पाहिजे. ‘तुला नृत्य आवडते का’ या प्रश्नाचे उत्तर ‘मंगळवारी दुपारी साडेबाराला, सिमेंटच्या अंगणात, साठ जणांसमोर, बूट घालून, अनोळखी जोडीदाराचा हात धरून तू नाचशील का’ या प्रश्नाला लागू पडत नाही. गरब्याला हो म्हणणारा विद्यार्थी या दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणत असेल, तर त्यात विसंगती नाही. तो दोन वेगळ्या प्रश्नांना दोन खरी उत्तरे देतो आहे.

पुढे एझेन यांनी १९९१ साली आपला विचार विस्ताराने मांडला. त्यानुसार माणूस एखादी कृती करायचे ठरवतो तेव्हा त्याचा स्वतःचा कल, आसपासच्या महत्त्वाच्या माणसांची अपेक्षा आणि हे आपल्या आवाक्यात आहे की नाही याचा अंदाज अशा तीन गोष्टी एकत्र येतात. बडोद्यातल्या नवरात्रात या तिन्ही गोष्टी एका बाजूला असतात. घरचे म्हणतात जा, मित्र न्यायला येतात, आणि लहानपणापासून पाय त्या वर्तुळात पडत आलेले असल्याने जमेल की नाही हा प्रश्नच उरत नाही. नृत्याच्या तासाला कल अनुकूल असला तरी उरलेल्या दोन गोष्टी निसटतात. घरी आई-बाबा विचारतात की या तासाला मार्क किती आहेत, मागच्या बाकावरचे मित्र हसतात, आणि पावले नवी असतात.

आता प्रेरणा. अभिवृत्ती ही कल सांगते, तर प्रेरणा माणसाला प्रत्यक्ष हलवते आणि हलते ठेवते. या क्षेत्रात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीचा सर्वाधिक आधार घेतला जातो. मराठीत तिला स्वयंनिर्धारणाचा सिद्धान्त म्हणता येईल. प्रेरणा किती आहे एवढेच विचारून भागत नाही, ती कोणत्या प्रतीची आहे हे पाहावे लागते, असा या मांडणीचा गाभा आहे. प्रेरणेची ही प्रत एका रेषेवर मांडता येते, आणि ती रेषा आम्हा बडोदेकरांना गरब्याच्या मैदानावर उभी असलेली दिसते.

एक मुलगी केवळ मैत्रिणीने ओढून आणले म्हणून आलेली असते. तिचे लक्ष घड्याळाकडे असते. ही बाहेरून लादलेली प्रेरणा. दुसरी येते कारण न आल्यास ग्रुपमध्ये आपण मागे पडू, सगळ्यांचे फोटो दिसतील आणि आपला नसेल, अशी टोचणी तिला लागलेली असते. दाब आता बाहेरून आत शिरला आहे, पण तो दाबच आहे. तिसरा मुलगा नऊ रात्रींत भरपूर चालणे होते, वजन उतरते, म्हणून येतो. गरबा त्याला साधन म्हणून पटला आहे. चौथीच्या घरी घट बसतो, आरती होते, देवीपुढे फेर धरणे हा ती कोण आहे याचाच एक भाग आहे. आणि पाचवी फेर धरते कारण फेर धरताना तिला छान वाटते; तिला दुसरे कारण लागत नाही. या शेवटच्या प्रेरणेला आंतरिक प्रेरणा म्हणतात. एकच माणूस एका रात्रीत या रेषेवर पुढे-मागे सरकू शकतो. ओढून आणलेली मुलगी अकराच्या सुमारास भान विसरून फिरत असते, हे कुणीही पाहिले असेल.

प्रेरणेच्या आतल्या टोकाला असलेली माणसे ती कृती अधिक काळ करत राहतात, बक्षीस संपल्यावर थांबत नाहीत आणि चुका झाल्या तरी टिकून राहतात, असे शिक्षणात, खेळात आणि व्यायामात वारंवार आढळले आहे. म्हणून शिक्षकाला या रेषेची काळजी करावी लागते. आमच्या हातातली साधने बहुतेक बाहेरच्या टोकाची असतात: हजेरी, गुण, प्रमाणपत्र. त्यांचा परिणाम नेहमी अपेक्षेप्रमाणे होत नाही. डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि पुढच्या सत्रात ते बंद केले. मोकळ्या वेळेत आपणहून कोडी सोडवण्याचा त्यांचा वेळ घटला. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. चित्र काढल्यास रिबीन लावलेले प्रमाणपत्र मिळेल असे ज्या मुलांना आधी सांगितले होते, ती काही दिवसांनी त्या रंगांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळाले त्यांचे असे झाले नाही. म्हणजे बिघाड बक्षिसाच्या आश्वासनात आहे, कारण त्या आश्वासनाने मुलाच्या मनातले ‘मला आवडते’ हे कारण पुसले जाते आणि त्या जागी ‘मिळते म्हणून’ हे कारण बसते.

याचा अर्थ गुण देऊच नयेत असा मी घेत नाही. डेसी यांच्याच कामात असेही दिसले की कामाविषयी बोललेले कौतुकाचे शब्द रुची वाढवू शकतात. फरक शब्द कशासाठी वापरले यात आहे. ‘तुझा उजवा पाय आता समेवर पडतो आहे’ हे वाक्य मुलाला त्याच्या प्रगतीची बातमी देते. ‘असेच कर, नाहीतर गुण कापीन’ हे वाक्य त्याला लगाम घालते.

स्वयंनिर्धारणाच्या सिद्धान्तात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा मानल्या आहेत. आपण निवड करतो आहोत असे वाटणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि आपण इथले आहोत असे वाटणे. या गरजा जिथे भागतात तिथे प्रेरणा आत सरकते आणि जिथे कोंडल्या जातात तिथे ती विझते. नृत्याच्या तासात यांतली सर्वांत नाजूक गरज दुसरी असते, म्हणून तिच्यावर थोडे थांबते.

‘मॅडम, मला तालच नाही’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. ते बहुतेक वेळा खरे नसते. हंगेरीत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या, झोपलेल्या बाळांना तालाचा एक तुकडा ऐकवला आणि मधूनच समेचा ठोका गाळला. त्या गाळलेल्या ठोक्याची नोंद बाळांच्या मेंदूने घेतली. प्रौढ माणूस ताल ऐकताना अगदी स्थिर बसला असला, तरी त्याच्या मेंदूतले हालचालीशी संबंधित भाग सक्रिय होतात, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन दिसून आले आहे. ताल ऐकणे म्हणजे पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधणे, आणि हा अंदाज आपला मेंदू सतत बांधत असतो. ज्यांना ठोका खरोखरच जाणवत नाही अशी माणसे संशोधकांना सापडली आहेत, पण ती फार तुरळक आहेत. वर्गातल्या साठ मुलांपैकी वीस तशी असणे शक्य नाही.

मग अडते कुठे? मुलाला ताल जाणवतो, पण तालाबरोबरच पाय, हात, दिशा, जोडीदार आणि शिक्षकाचा आवाज हे सगळे एकाच वेळी सांभाळायला सांगितले की लक्ष पुरत नाही. एका वर्षी वाणिज्य शाखेतला एक उंच मुलगा महिनाभर कोपऱ्यात उभा होता. बाहेरगावाहून शिकायला आलेला, त्यामुळे गरब्याचीही सवय नव्हती. एक दिवस तास संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि त्रण ताळी, म्हणजे तीन टाळ्यांचा गरबा, सुटा करून दाखवला. आधी टाळ्या बंद. फक्त चालायचे, हींच तालाच्या वजनावर, जसे आपण रस्त्याने चालतो तसे. सहा मात्रांच्या त्या झोक्यात पाऊल आपोआप कुठे जड पडते ते त्याला दहा मिनिटांत कळले. मग पाय थांबवून नुसत्या टाळ्या वाजवल्या. मग चालता चालता फक्त पहिली टाळी, उरलेल्या दोन मनात. त्याचे खांदे तोवर कानापर्यंत चढलेले होते. ते खाली आले तेव्हा मला कळले की आता तिन्ही टाळ्या येतील, आणि त्या आल्या. सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली. महिनाभर त्याने स्वतःविषयी जे मानून ठेवले होते ते पुसायला एवढा वेळ पुरला.

अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली ज्याला आत्मक्षमतेची जाणीव म्हटले तिचे हे साधे रूप आहे. ‘हे मी करू शकतो’ हा विश्वास चार वाटांनी येतो, असे त्यांनी मांडले. सर्वांत बळकट वाट स्वतः करून यश मिळण्याची. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने धीर देणे, आणि शरीर देत असलेल्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. शेवटची वाट नृत्याच्या तासात विशेष महत्त्वाची आहे. धडधडणारे हृदय आणि ओले तळवे ही गरब्यात उत्साहाची खूण वाटते आणि तासाला तीच भीतीची खूण वाटते. दुसऱ्या वाटेविषयीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आम्ही नेहमी वर्गातल्या सर्वांत तरबेज मुलीला पुढे उभे करून ‘हिच्यासारखे करा’ म्हणतो. कथक शिकलेल्या मुलीकडे पाहून नवशिक्याला धीर येत नाही, उलट अंतर मोजता येते. गेल्या आठवड्यात अडखळणारा आणि या आठवड्यात जमलेला मुलगा पुढे उभा केला तर मागच्या ओळींना अधिक फायदा होतो.

निवडीच्या गरजेविषयी बोलताना बडोद्याच्या माणसाला सयाजीराव महाराज आठवणे स्वाभाविक आहे. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि ती सक्ती या भागाच्या पिढ्यान्‌पिढ्यांना उपकारक ठरली. त्याच महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली, जिथे शिकायला येणारा आवडीने येत असे. सक्तीने मुलाला दारापर्यंत आणता येते, हे खरे आहे आणि कधीकधी आणलेच पाहिजे, कारण ज्याने कधी लेझीम हातात धरलेच नाही त्याला ते आवडते की नाही हे कसे कळणार? पण दाराच्या आत निवडीला जागा ठेवणे हे शिक्षकाच्या हातात असते. तीन लोकनृत्यांतले कोणते घ्यायचे, जोडीने की गटाने, पावले शिकायची की ढोलकी आणि झांज सांभाळायची, हे मुलांना ठरवू दिले तर अभ्यासक्रम तोच राहतो आणि तास मात्र त्यांचा होतो. ढोलकीवर बसलेली मुले काही आठवड्यांनी आपणहून गोलात येतात, असा माझा अनुभव आहे. काही येत नाहीत, आणि त्यांनी वाजवलेला ठेका हीदेखील लयबद्ध हालचालच आहे.

नवरात्राआधी काही आठवडे या शहरात गल्लोगल्ली गरब्याचे क्लास भरतात आणि आमचेच विद्यार्थी तिथे पैसे भरून पावले गिरवतात. तिथे दटावणी असते, तीच तीच आवर्तने असतात, घाम असतो. फरक इतकाच की तिथे जायचे त्यांनी ठरवलेले असते आणि कशासाठी शिकतो आहोत ते तारखेसकट त्यांना माहीत असते.

तिसरी गरज आपलेपणाची. गरब्याचे वर्तुळ ही या दृष्टीने फार विचारपूर्वक घडलेली रचना वाटते. मध्यभागी गरबो, म्हणजे छिद्रांचा मातीचा घट आणि त्यात दिवा. भोवती फिरणारी माणसे. वर्तुळाला पुढची ओळ नसते आणि मागचीही नसते. आत कधीही शिरता येते, दमल्यावर कधीही बाहेर पडता येते, चुकले तर पुढचे आवर्तन दोन श्वासांवर असते. गरब्याला डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, पण त्याची ही बांधणी त्याहून कितीतरी जुनी आहे. आपल्या मराठी घरांत याच आश्विनात भोंडल्याचा फेर धरला जातो. पाटावर हत्तीचे चित्र मांडतात, त्याच्याभोवती मुली हात धरून फिरतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात संध्याकाळी भोंडला आणि रात्री शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा, अशी दोन्ही वर्तुळे एकाच मुलीच्या वाट्याला येत असत, हे आमच्या आजीच्या पिढीने भोगलेले सुख आहे.

एकत्र, एका लयीत हलण्याने माणसे जवळ येतात याला प्रयोगांचाही आधार आहे. ब्राझीलमधल्या शाळकरी विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही गटांनी एकच हालचाल एकाच वेळी केली, काहींनी वेगवेगळी. काहींनी अंग झोकून केली, काहींनी बसल्या जागी. एकत्र हलणाऱ्या गटांत परस्परांविषयीची जवळीक वाढलेली आढळली आणि वेदना सहन करण्याची मर्यादाही वर सरकली. ती मर्यादा रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळून तपासली होती. जोरकस हालचालीचा परिणामही स्वतंत्रपणे दिसला. तीन तास फिरूनही तळव्याचे फोड दुसऱ्या दिवशीच का ठणकतात, याचे थोडेसे उत्तर इथे मिळते.

आमच्या तासात मात्र मुले चौकोनी रांगांत, सगळी समोर तोंड करून उभी असतात आणि शिक्षक त्यांच्याकडे तोंड करून उभा असतो. ही रचना कवायतीसाठी चांगली आहे. प्रोफेसर माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने सामुदायिक कवायतीची मोठी परंपरा याच शहरात उभी केली आणि तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु शिस्त शिकवायला योग्य असलेली रांग संकोच घालवायला योग्य नाही, कारण रांगेत प्रत्येकाला वाटते की मागचे सगळे आपल्याचकडे पाहत आहेत.

हे ‘सगळे पाहत आहेत’ प्रकरण तरुण वयात फार मोठे असते. टॉमस गिलोव्हिच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा चित्राचा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले आणि नंतर विचारले की किती जणांनी चित्र ओळखले असेल. असे विद्यार्थी सरासरीने जवळपास निम्म्यांचा अंदाज करत. प्रत्यक्षात साधारण एकचतुर्थांश लोकांच्याच ते लक्षात आलेले असे. आपण समजतो त्याच्या निम्मेच डोळे आपल्यावर असतात. हा प्रयोग मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते आणि मुलांचे चेहरे थोडे सैल होताना पाहते. पण आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. कुणीतरी पाच सेकंदांची चित्रफीत काढेल आणि ती रात्रीपर्यंत सगळ्यांकडे फिरेल, ही भीती कल्पनेतली नाही. त्यामुळे माझ्या तासाला मोबाइल एका पेटीत ठेवले जातात, माझाही. आरशांबाबतही सावध राहावे असे मला वाटते. तरबेज नर्तकाला आरसा रेषा सुधारायला मदत करतो. पण आरशासमोर व्यायाम केल्यावर व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रियांना उलट अधिक वाईट वाटते, असे एका अभ्यासात आढळले होते, आणि आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली त्याच अवस्थेतून जात असतात.

मुलगे आणि मुली यांच्यातला फरक हा या विषयावरच्या बहुतेक पाहण्यांचा ठरलेला निष्कर्ष असतो: नृत्याकडे मुलींचा कल अधिक अनुकूल, मुलग्यांचा कमी. फरक दिसतो हे खरे, पण तो निसर्गाने घालून दिला आहे असे बडोद्यात राहून कुणी म्हणू नये. इथे केडियू, म्हणजे घेरदार आखूड अंगरखा, घातलेले हजारो तरुण भर मैदानात, वडीलधाऱ्यांसमोर, निःसंकोचपणे फेर धरतात. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम धरणारे हात मुलग्यांचे असतात. १८८० साली सयाजीरावांच्या विवाहानंतर तंजावरच्या राजकन्येबरोबर, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंबरोबर, गौरा आणि कांतिमती या नर्तकी बडोद्याच्या दरबारात आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत आलेले नट्टुवनार, म्हणजे नृत्याचे गुरू, पुरुष होते. त्याच परंपरेतल्या कुबेरनाथ तंजावुरकर यांनी पुढे या शहरात भरतनाट्यम शिकवले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर नृत्य हा विद्यापीठीय शिक्षणाचा विषय झाला आणि त्या विभागाची सुरुवातीची धुरा मोहन खोकर यांनी सांभाळली. ‘नाचणे हे मुलींचे काम’ असे म्हणणारा मुलगा स्वतःच्या शहराचा इतिहास विसरलेला असतो. तो त्याला सांगितला गेलेला नसतो, म्हणून मी सांगते.

आरोग्याचा मुद्दा मी थोडक्यात आटोपते, कारण तो मुलांना पाठ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करावी आणि नृत्य त्यात सहज बसते. हे कळल्याने कुणी नाचू लागत नाही. पण ज्याला एकदा गोडी लागली त्याला ते पुढे चालू ठेवायला हे एक कारण पुरते.

गेली काही वर्षे मी या घटकाच्या आधी नाव न घालता भरायची एक छोटी प्रश्नावली देते, आणि ती मी नव्हे, वर्गातलाच एक विद्यार्थी गोळा करून पाकिटात बंद करतो. ‘तुम्हाला नृत्य आवडते का’ हा प्रश्न मी त्यातून काढून टाकला आहे. त्याऐवजी मी विचारते की शेवटचे कधी कुणाबरोबर तालावर हालला होतात, तिथे काय होते जे इथे नाही, आणि या अंगणात कोणती एक गोष्ट बदलली तर तुम्ही मागच्या ओळीतून पुढे याल. पहिल्या प्रश्नाला गरबा, लग्नाची वरात, विसर्जन अशी उत्तरे येतात. दुसऱ्याला बहुतेक जण मित्र, अंधार आणि खरे वाद्य असे लिहितात. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून आम्ही तास दुपारवरून सकाळी आणला, ध्वनिक्षेपकाऐवजी ढोल आणला आणि रांगा मोडून गोल केला. गेल्या वर्षी एका कागदावर तिसऱ्या प्रश्नापुढे एवढेच लिहिले होते: ‘बूट काढू द्या.’ अंगणाचे सिमेंट तापते म्हणून आम्ही ग्रंथालयामागच्या निंबाच्या सावलीत जागा झाडून घेतली, आणि आता मुले तासाला येताना सगळ्यांत आधी ओळीने चपला-बूट काढून ठेवतात.